वेगळ्या खोलीत ठेवलेल्या पेशंटची काळजी कमी होते का?

चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे. वडील ७१ वर्षांचे, मधुमेह जुना, पायाचं बोट सडलं म्हणून कापावं लागलं. जखमेतल्या पुवाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, बहुतेक अँटिबायोटिकना दाद न देणारा. त्याच दिवशी वडिलांना वॉर्डातून कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं आणि दारावर लाल पाटी लागली. तेव्हापासून सिस्टर कमी येतात, डॉक्टर दारातूनच ‘कसं वाटतंय बाबा?’ म्हणून पुढे जातात, आईला आत सोडत नाहीत. पाचव्या दिवशी माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. ‘हे वेगळं ठेवणं खरंच लागतं, की त्यानंच नुकसान होतंय? काका म्हणतात, सही करून घरी घेऊन जाऊ.’

सर, वेगळं ठेवणं लागतं, आणि त्यानं नुकसानही होऊ शकतं. तुम्हाला जे दिसतंय ते मनाचे खेळ नाहीत. पण घरी नेऊ नका. काय करता येईल ते सविस्तर लिहिते. धुळे-जळगाव भागात मी २६ वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची ११ वर्षं संसर्ग नियंत्रणाच्या कामात गेली. म्हणजे दारावर ती पाटी लावणारी मीच असायचे.

आधी वेगळं का ठेवलं ते. औषधांना न जुमानणारा हा क्लेब्सिएला हवेतून उडत नाही. तो हातावरून जातो, आणि बेडच्या दांड्यावरून, बीपीच्या पट्ट्यावरून, भांड्यावरून जातो. तुमच्या वडिलांच्या जखमेला हात लावलेली व्यक्ती तेच हात घेऊन शेजारच्या पेशंटच्या लघवीच्या नळीला लागली, तर तो जंतू तिथे घर करू शकतो. ज्यांना तो लागतो त्यांच्यासाठी औषधं फार थोडी उरलेली असतात. म्हणून गाऊन, ग्लोव्हज आणि वेगळी खोली. त्या वॉर्डात ऑपरेशन झालेले, डायलिसिसवरचे, सलाईनवरचे पेशंट असतात, त्यांच्यासाठी हे करावंच लागतं.

आता दुसरी बाजू. २००३ साली टोरांटो आणि बोस्टनच्या दोन हॉस्पिटलांत वेगळ्या ठेवलेल्या पेशंटची इतर पेशंटशी तुलना झाली होती. दर १००० पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस म्हणजे एक पेशंट-दिवस) उपचारातून किंवा हेळसांडीतून झालेले अपाय वेगळ्या खोलीत ३१ निघाले, बाहेर १५. फरक मुख्यतः टाळता येण्यासारख्या गोष्टींत होता: पडणं, बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम), अंगातलं पाणी आणि क्षार बिघडणं. नाडी-बीपी-ताप सांगितल्याप्रमाणे नोंदवला न गेलेले दिवस वेगळ्या खोलीत ५१ टक्के होते, बाहेर ३१. डॉक्टरांनी फाईलमध्ये एक ओळही न लिहिलेले दिवस २६ टक्के, बाहेर १३. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात वरिष्ठ डॉक्टरांनी वेगळ्या खोलीतल्या ३५ टक्के पेशंटना प्रत्यक्ष तपासलं, इतरांपैकी ७३ टक्क्यांना. या अपायांमध्ये जंतूचा हात नाही. आत जाणाऱ्या माणसांची संख्या घटते, त्यातून हे सगळं होतं.

ही संख्या का घटते, हे मी आतून पाहिलंय. गाऊन चढवायचा, बंद बांधायचे, ग्लोव्हज घालायचे, काम करायचं, सगळं नीट उलटं करून काढायचं, हात धुवायचे. मिनिटभर उशी सरकवायची असली तरी वर तीन-चार मिनिटं जातात. रात्री एका सिस्टरकडे ४० पेशंट असले की हाताला आपोआप सवय लागते: ‘आत जातेच आहे तर सगळं एकदम करू.’ मग त्या एकदमची वेळ पुढे पुढे सरकत जाते. त्यात आपल्याकडचा मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर असताना प्लॅस्टिकचा गाऊन चढवून दहा मिनिटं उभं राहिलं की घाम कोपरातून ग्लोव्हजमध्ये उतरतो. कोणी कामचुकार असतं म्हणून नाही, शरीरच मागे ओढतं.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. आम्हीच नव्या सिस्टरना शिकवतो की शक्य असेल तिथे संसर्गाचा पेशंट शेवटी बघायचा, म्हणजे जंतू पुढे जात नाही. नियम बरोबर आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की तुमचे वडील रोज, प्रत्येक फेरीत, शेवटचे असतात. शुगर ७ ला तपासायची, इन्सुलिन द्यायचं आणि त्यावर नाश्ता, ही साखळी मधुमेह्याच्या जिवाशी बांधलेली असते. फेरी लांबली, इन्सुलिन साडेआठला झालं आणि डबा दारातच झाकून राहिला, तर साखर खाली जाते. वॉर्डात घाम फुटलेला माणूस शेजाऱ्याला दिसतो, तो हाक मारतो. कोपऱ्यातल्या खोलीत शेजारी नसतो. शेजारच्या बेडवरचं माणूस आपल्याकडे अर्धी नर्सच असतं, आणि पेशंट वेगळा केला की ती अर्धी नर्स आपण काढून घेतो.

माझ्या ड्युटीतलं एक सांगते. शिरपूरकडचे एक आजोबा होते, अँटिबायोटिकनंतर आतड्यात होणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबासाठी वेगळे ठेवलेले. मे महिन्यातली दुपार. सकाळी आठला मी आत जाऊन आले होते. त्यानंतर दोन ॲडमिशन आली, एक पेशंट बिघडला, आणि मी परत आत गेले तेव्हा चार वाजत आले होते. स्टीलचा तांब्या खिडकीच्या कठड्यावर, बेडपासून दोन हात लांब. लॉकरवर पेला पालथा. घंटीची दोरी सकाळी चादर बदलताना कोणीतरी वर हुकाला गुंडाळली होती, ती तशीच. चार्टवर १२ वाजताचा रकाना कोरा. आजोबांची जीभ लाकडासारखी कोरडी, हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली तर उभीच राहत होती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘पानी दे वं माय.’ त्यांनी हाका मारल्या होत्या. दार बंद होतं, बाहेर कुलर चालू होता, कोणाला ऐकू आलं नाही. रक्तात पोटॅशियम खाली गेलेलं, किडनीचे आकडे वर गेलेले निघाले. नऊ दिवसांनी ते चालत घरी गेले. पण तो कोरा रकाना माझा होता आणि अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो.

त्यानंतर ज्या ज्या वॉर्डात काम केलं तिथे दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. वेळ, कोण आलं, पाणी दिलं का, कूस बदलली का, घंटी हाताशी आहे का, बस्स. डॉक्टरांचीही सही त्यावर घ्यायची. पहिल्या आठवड्यात कुरकुर होते. मग दोन सह्यांमधलं चार तासांचं अंतर डोळ्यांवर येऊ लागतं आणि लोक आत जाऊ लागतात. तुमच्याकडे असा कागद नसेल तर वहीचं पान फाडून तुम्हीच लावा आणि मोठ्या सिस्टरना नम्रपणे दाखवा. भांडण म्हणून लावू नका, मदत म्हणून लावा. बहुतेक सिस्टरना तो हवाच असतो.

आता तुमच्या वडिलांचं दार. हातावरून पसरणाऱ्या जंतूसाठी दार बंद ठेवण्याची गरज नसते. दार बंद लागतं ते टीबी, गोवर, कांजिण्या अशा हवेतून पसरणाऱ्या आजारांत. आपल्याकडे पाटी लागली की सरसकट दार लोटलं जातं, कारण पाटीवर नुसतं ‘आयसोलेशन’ लिहिलेलं असतं, कशासाठी ते नाही. उद्या राउंडला विचारा: ‘डॉक्टर, हा संसर्ग स्पर्शाचा आहे ना? मग दार उघडं ठेवून बेड दारातून दिसेल असा फिरवता येईल का?’ एवढ्या एका बदलानं येता-जाता प्रत्येकाची नजर त्यांच्यावर पडेल. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर कारण विचारा, कारण असू शकतं.

चट्ट्याबद्दल. त्यावर बोटानं हलकं दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर वेळ हातात आहे. दाबूनही लालच राहिला तर बेडसोअर सुरू झालाय. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर रंग फसवतो, म्हणून हाताच्या पाठीनं आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक लागतंय का तेही बघा. त्यावर तेल चोळू नका. बायका मायेनं चोळतात आणि आतली नाजूक कातडी तुटते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पूर्ण आडवं नाही, पाठीमागे उशी लावून थोडं कलतं. टाचा बेडवर टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली उशी. मधुमेह्याच्या दुसऱ्या पायाची टाच तर रोज बघायची, कारण त्यांना तिथे दुखणारच नाही. हवेची गादी मिळते का ते विचारा, पण गादी आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. आणि हा चट्टा आजच फाईलमध्ये लिहून घ्यायला सांगा.

आईला आत सोडत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. आपल्या हॉस्पिटलांत अंग पुसणं, भरवणं, लघवीचं भांडं देणं हे अर्ध्याहून अधिक घरचं माणूस करतं. कागदावर ती कामं नर्सिंगची असतात, हातानं ती आई, सून, मुलगा करतात. नातेवाईक बाहेर काढला आणि त्याच्या जागी कोणी दिलं नाही, तर ती कामं होतच नाहीत. २०२० च्या जूनमध्ये आपल्या खानदेशातल्याच एका कोविड रुग्णालयात वृद्ध महिला वॉर्डातून बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह तिथल्याच शौचालयात सापडला. राज्यभर ती बातमी गाजली. तेव्हा घरच्यांना आत जायची सोय नव्हती. घरचं एक माणूस जवळ असतं तर पहिल्या तासात शोधाशोध सुरू झाली असती. तो नवा आजार होता, सगळेच भेदरलेले होते. तुमच्या वडिलांच्या जंतूबाबत तशी परिस्थिती नाही.

म्हणून एक ठरावीक माणूस आत राहू द्या, अशी मागणी करा. एकच, आलटून पालटून सहा नाहीत. आणि त्याच्या बदल्यात शिस्त पाळायची हमी द्या, कारण हॉस्पिटलची भीतीही खरी आहे: न शिकवलेला नातेवाईक जंतू दुसऱ्या पेशंटपर्यंत नेऊ शकतो. आत जाताना आणि बाहेर पडताना साबणानं ४० ते ६० सेकंद हात, किंवा सॅनिटायझरनं २० ते ३० सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि अंगठा धरून. (वर सांगितलेल्या आजोबांसारखा जुलाबाचा पेशंट असेल तर साबण-पाणीच, त्या जंतूच्या बीजाणूंवर सॅनिटायझर चालत नाही.) अंग पुसायचं, कूस बदलायची असेल तर गाऊन-ग्लोव्हज, तिथल्या नियमाप्रमाणे. ड्रेसिंगला हात लावायचा नाही. दुसऱ्या पेशंटच्या बेडवर टेकायचं नाही, त्यांना उठवायला, भरवायला जायचं नाही. हे आपल्या लोकांना फार जड जातं, शेजारच्या आजीला पाणी दिल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. पण तिथे सिस्टरला हाक मारायची. बादली, मग, टॉवेल वडिलांचा वेगळा. बीपीचा पट्टा, थर्मामीटर, स्टेथोस्कोपही त्यांच्या खोलीतलाच वेगळा असावा. नसेल तर सिस्टरना विचारा. ही स्वस्तातली सोय आहे, आणि यंत्र आतच असलं की मोजायचा कंटाळा निम्मा होतो.

आणि त्यांच्याशी बोला. वाचताना साधं वाटेल, पण वयस्क माणूस चार दिवस नुसते मास्क आणि डोळे बघतो तेव्हा त्याचं भान हलतं. संध्याकाळ झाली की गावाकडे निघायच्या गोष्टी करतो, सलाईन उपसतो, उठायला जाऊन पडतो. आधीच कमी ऐकू येणारा म्हातारा ओठांवरून समजून घेत असतो, मास्कनं तेही जातं. मी गाऊनवर छातीपाशी मार्करनं मोठ्या अक्षरांत नाव लिहायचे आणि आत जाताच ‘नाना, मी आले, बरं शे का?’ म्हणायचे. अहिराणीत विचारलं की चेहरा वेगळाच उत्तर देतो. चष्मा, कानातलं यंत्र, कवळी पिशवीत पडून आहे का ते बघा. भिंतीवर घड्याळ आणि कॅलेंडर लावा. फोन चार्जरसकट हाताशी ठेवा, आणि ‘तुम्हाला वाळीत टाकलेलं नाही, जखमेतला जंतू दुसऱ्याला जाऊ नये म्हणून आहे, अमक्या दिवशी परत तपासणी आहे’ हे रोज एकदा सांगा. वेगळं ठेवण्याचं कारण न सांगता ठेवलेला पेशंट आपली चूक शोधत बसतो.

दोष गाऊनचाच आहे असं मात्र समजू नका. २०१३ साली अमेरिकेत २० अतिदक्षता विभागांत अभ्यास झाला. काही विभागांत प्रत्येक पेशंटजवळ जाताना गाऊन-ग्लोव्हज सक्तीचे केले. आत येण्याच्या फेऱ्या थोड्या घटल्या, बाहेर पडताना हात धुणं वाढलं, आणि पेशंटना होणारे अपाय वाढलेले दिसले नाहीत. अतिदक्षता विभागात मनुष्यबळ असतं, पेशंट डोळ्यांसमोर असतो, नोंद चुकली की लगेच दिसते. आपल्या कोपऱ्यातल्या खोलीत नेमकं तेच नसतं. म्हणून मी काळजी आणि नजर वाढवायला सांगते आहे, गाऊन काढायला नाही.

टीबीचं थोडं सांगते, कारण नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडून असेच प्रश्न येतात. तिथे हवा हाच उपाय आहे. पेशंटनं साधा मास्क, आत जाणाऱ्यानं एन-९५, दार बंद आणि खिडक्या उघड्या. जागतिक आरोग्य संघटनेनं नैसर्गिक वायुवीजनासाठी अशा खोलीत दर पेशंटमागे सेकंदाला १६० लिटर हवा सरासरी खेळती असावी असं म्हटलंय. आपल्याकडे उन्हाळ्यात नेमकं उलटं होतं: झळा लागतात म्हणून खिडक्यांना चादरी, आणि एका खिडकीत कुलर. कुलर बाहेरची हवा आत ढकलतो, मग आतल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. समोरची खिडकी बंद आणि दार उघडं असेल तर ती हवा खोकल्यासकट कॉरिडॉरमध्ये येते. कुलर लावायचाच तर दार बंद, आणि बाहेरच्या भिंतीतली दुसरी खिडकी उघडी. हे मी किती वॉर्डांत मामांना (वॉर्डबॉयना) हाताला धरून दाखवलंय. आणि टीबीच्या पेशंटला महिनोन्महिने कोंडून ठेवायची गरज नाही हे जगाला आपल्याच देशानं दाखवलं. मद्रासमध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या अभ्यासात घरी राहून नीट औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना सॅनेटोरियमवाल्यांच्या (टीबीच्या रुग्णालयात राहिलेल्यांच्या) कुटुंबीयांपेक्षा जास्त लागण झाली नाही.

आता काकांचा सल्ला. सही करून नेलं तर शिरेतून चाललेलं अँटिबायोटिक अर्धवट राहील, जखमेचं ड्रेसिंग घरी नीट होणार नाही, आणि मधुमेह्याचा बोटापासून सुरू झालेला संसर्ग घोट्याच्या वर जायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा राउंडला हे विचारून घ्या: पाटी कशाची आहे, ती कधी निघेल, आणि ते कोण ठरवणार. ‘डिस्चार्जपर्यंत’ असं उत्तर आलं तर चक्रावू नका. हा जंतू आतड्यात काही महिने मुक्काम करू शकतो, त्यामुळे हॉस्पिटलात असेपर्यंत पाटी राहणं समजण्यासारखं आहे.

घरी आल्यावर मात्र पाटी नाही. नातवंडांनी जवळ बसावं, एका पंगतीत जेवावं, कपडे घरच्याच साबणानं धुवावेत. जखम झाकलेली, टॉवेल वेगळा, ड्रेसिंगनंतर आणि संडासनंतर साबणानं हात, एवढं पुरे. घरात कोणाला लघवीची नळी असेल किंवा कोणाची उघडी जखम असेल तर तेवढं डॉक्टरांना आधीच सांगा. आणि कल्चरच्या रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्या शुगरच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवा. पुढे कुठेही ॲडमिट करायची वेळ आली, अगदी डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं तरी, तो कागद पहिल्यांदा पुढे करायचा. त्यावरून त्यांना पहिल्या दिवसापासून योग्य औषध निवडता येतं.

आईंना निरोप: बांगड्या काढायची गरज नाही, कोपराकडे सरकवून वर रबर लावा, मनगटापर्यंत हात धुवा, आणि आत गेल्यावर आधी घंटीची दोरी बाबांच्या मोकळ्या हाताशी उशीला बांधा.